घोडे वावरात, खोगीर कुठं? या चुका टाळा

नागपूरहून काटोल रोडनं फेटरीच्या पुढं आमचं वावर आहे. दोन घोड्या बारा महिने तिथंच मोकळ्या असतात. पागा अशी नाही. कडुलिंबाखाली टिनाचं शेड, पाण्याचं टाकं आणि रोही-रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीनची तार, एवढाच थाट. घोड्यांना हे फार मानवतं. पंचाईत होते ती सामानाची. आम्ही राहतो शहरात, सालदार संध्याकाळी गावात जातो आणि रात्री वावरात राखणीला कुणीच नसतं. मग खोगीर, लगाम, खोगीर पोटाखालून आवळायचा तंग, खोगिराखालच्या जाड घड्या म्हणजे नमदे, हे सगळं ठेवायचं कुठं?

यात मी बहुतेक सगळ्या चुका केल्या आहेत, काही दोनदा.

दणकट कुलूप, पण कडी स्क्रूची

वावरात खोगिरासाठी खास कुणी चोर येत नाही. तो येतो बोअरच्या मोटारीची केबल कापायला, तांब्यासाठी. केबलसोबत शेडमध्ये जे दिसेल ते उचलतो. एका दिवाळीच्या आसपास आमच्याकडं असंच झालं. सकाळी सालदाराचा फोन आला, "भाऊ, केबल गेली, खोगीर बी गेलं. पण कुलूप जसंच्या तसं हाये न!"

कुलूप खरंच तसंच होतं, जमिनीवर, कडीसकट. मी सातशे रुपयांचं कुलूप घेतलं होतं आणि ते ज्या कडीला लावलं ती बाहेरून चार स्क्रूवर होती. स्क्रू ड्रायव्हरचं दोन मिनिटांचं काम. तेव्हापासून इतवारीतल्या लोहा ओळीतून आणलेले गोल डोक्याचे आरपार बोल्ट वापरतो. त्यांच्या डोक्याला बाहेरून खाच नसते आणि नट आतल्या बाजूला राहतो. बिजागऱ्यांनाही तेच. कडी बदलली आणि बिजागऱ्या तशाच ठेवल्या, तर दार उलट्या बाजूनं उघडतं.

दुसरी चूक तक्रार देताना कळली. वस्तूचं वर्णन विचारलं, तर मला "तपकिरी रंगाचं" याच्यापुढं काही सांगता येईना. आपल्याकडची बरीच खोगिरं कानपूरची. तिथल्या या कामाला भौगोलिक मानांकनही आहे, पण म्हणूनच ती एकमेकांसारखी दिसतात. पुष्कळ खोगिरांना पाखेखाली, म्हणजे बाजूला लोंबणाऱ्या चामड्याच्या झडपेखाली, मापाचा किंवा बनवणाऱ्याचा आकडा ठोकलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. आकडा नसेल तर चांभाराकडून पाखेच्या आतल्या बाजूला स्वतःची खूण ठोकून घ्या. तंग अडकवायच्या पट्ट्यांवर मात्र ठोकू नका, तिथं प्रत्येक टोच्यानं पट्टी कमजोर होते.

पेटी घट्ट बंद, म्हणून निश्चिंत

चोरी झाल्यावर मी इरेला पेटलो. जाड पत्र्याची पेटी करून घेतली, झाकणाला रबर लावलं, पेटी साखळीनं खांबाला बांधली. दुसरं खोगीर त्यात ठेवलं. जूनच्या मध्यावर पाऊस लागला, दोन आठवडे वावरात गाडी जाईना. काळ्या मातीत पाऊल गुडघ्यापर्यंत जातं तिथं घोड्यावर कोण बसतं? पेटी उघडली तेव्हा खोगीर ओळखू येईना. सीटवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी लव, पट्ट्यांच्या घड्यांत हिरवट डाग, आणि कुबट वास असा की घोडीनं मान फिरवली.

माझी सगळ्यात मोठी चूक हीच. चोरापासून वाचवायला सामान जितकं कोंडाल, तितकं ते बुरशीला आंदण देता. चामडं हवेतली ओल शोषतं. वरून घोड्याचा घाम, मीठ, धूळ आणि तेल. बुरशीला याहून काय हवं? रपेट झाली की घामेजलेलं खोगीर तसंच पेटीत टाकून घरी पळायचं, ही आमची पद्धत. प्लास्टिकची पिशवी तर त्याहून वाईट.

बुरशी आलीच तर सामान आधी उघड्यावर न्या, शेडमध्ये झटकू नका. तोंडाला रुमाल बांधा, कोरड्या ब्रशनं वाऱ्याच्या दिशेनं झाडा. मग व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्म घेऊन त्यात फडकं बुडवा, घट्ट पिळा आणि पुसा. आधी कुठं तरी आतल्या कोपऱ्यात लावून रंग जात नाही ना ते बघा. सावलीत, वाऱ्यावर वाळवा. पूर्ण वाळल्यावर ग्लिसरीनचा साबण, आणि तेल सगळ्यात शेवटी. बुरशीवरच तेल चोपडलं तर चामडं चकाकतं, पण बुरशी आत तशीच राहते. सगळ्यात उशिरा वाळते ती खालच्या गाद्यांतली लोकर. खोगीरभरती म्हणून आपण जिची चेष्टा करतो तीच. वरचं चामडं कोरडं लागलं म्हणून फसू नका, गादी दाबून बघा, बोटांना गार लागली तर आत ओल आहे.

उन्हाळ्यात हीच पेटी भट्टी होते. नवतपा लागतो, पारा ४५च्या पुढं जातो, आणि उन्हातल्या पत्र्याच्या पेटीला हात लावता येत नाही. आतलं चामडं पापडासारखं होतं. मग घाबरून मी तेल पाजायला लागलो, आठवड्याला वाटीभर. पट्ट्या मऊ तर झाल्याच, पण ताणून लांबल्या. दोन्ही रिकिबी एका उंचीवर येईनात. तेल फडक्यावर घेऊन पातळ हात फिरवायचा, बस. पट्टी दुमडून बघा. वर बारीक रेघा उठल्या तर चामडं तहानलेलं आहे. भेग आत खोल गेली असेल तर तेलानं ती भरत नाही, पट्टी बदला. शिवणीही नखानं ओढून बघा, कारण चामड्याच्या आधी दोरा जातो. तंगाच्या आणि रिकिबीच्या पट्ट्यांना यात सूट नाही. त्या धावत्या घोड्यावर तुटतात.

आता पेटी कडुलिंबाच्या सावलीत, विटांवर आहे. विटा वाळवीसाठी, कारण बऱ्याच खोगिरांच्या आतला सांगाडा लाकडी असतो. पेटीला समोरासमोरच्या बाजूंना भोकं पाडली आणि आतून बारीक जाळी ठोकली. जाळी उंदरांसाठी. घामाचं मीठ लागलेली पट्टी त्यांना फार आवडते. ढेपेचं पोतं शेजारी ठेवलं, तर त्यांना आवतणच दिलं समजा. सामानावर पांघरायला जुनं सुती धोतर किंवा लुगडं, प्लास्टिक नाही.

आणि खोगीर? ते या पेटीत नसतंच. गेलं तर झोप उडेल ते सगळं माझ्यासोबत घरी येतं. पेटीत राहतं ते खरारा, नमदे, दोर, तोबरे, जुना लगाम. नमदा हाच शब्द इंग्रजांनी उचलून 'नम्ना' केला. इथं एक सूचना: प्रत्येक घोड्याचा नमदा आणि तंग वेगळा ठेवा. एका घोडीचा नायटा दुसरीला असाच जातो.

कोठ्यात टांगलेलं सामान

पेटी नको म्हणून काही जण सामान बैलांच्या कोठ्यात, आढ्याला टांगतात. मुताच्या वाफेतला अमोनिया चामडं आणि शिवण दोन्ही खातो. डोळे चुरचुरतात त्या जागी चामडं ठेवू नये.

लगाम खिळ्याला अडकवणंही चूकच. डोक्यावरची पट्टी एकाच जागी मुडपते आणि तिथंच तडकते. रंगाचा किंवा डालड्याचा रिकामा डबा आडवा करून भिंतीला ठोका, त्याच्यावर लगाम घोड्याच्या डोक्यावर बसावा तसा बसतो. कडियाळं, म्हणजे लगामाचं तोंडात राहणारं लोखंड, आधी पाण्यानं धुवा. वाळलेल्या लाळेचा खरपूड घोड्याच्या ओठांचे कोपरे सोलतो.

पावसाळ्यात पाखेखाली एकदम हात घालू नका. आधी काठीनं उचला, सामान आपटा. मला एकदा विंचू दिसला होता, नशीब की आधी दिसला.

फाटकाला टांगलेली म्होरकी

सोयीचं असतं, आलं की लगेच घोडी धरता येते. पण तुम्हाला धरता येते तशी दुसऱ्यालाही येते. म्होरकी आणि दोर फाटकाला लटकत असेल, तर चोराला घोडी न्यायला आणखी काय लागतं? म्होरकी चोवीस तास घोड्याच्या तोंडावर ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही. ती तारेत किंवा फांदीत अडकली की घोडा घाबरून मान मोडून घेतो. आमच्या म्होरक्या सालदाराच्या घरी खुंटीला असतात.

नेताना

घरी न्यायचं म्हटलं की रोजची वाहतूक आली. सुरुवातीला मी स्कूटरच्या मागच्या सीटवर खोगीर बसवायचो. बसतंही छान, घोड्यावर बसल्यासारखं. एकदा तंगाचं टोक सुटून चाकाजवळ लोंबायला लागलं, तेव्हा ते बंद केलं. न्यायचंच असेल तर तंग काढून वेगळा ठेवा, रिकिबी पट्ट्यांवरून वर सरकवून अडकवा आणि रबरी दोराखाली घोंगडी घाला, नाहीतर त्याचे आकडे सीट फाडतात.

गाडीच्या डिकीत खोगीर आडवं टाकून त्यावर कुटाराचं पोतं ठेवणं ही त्याहून महाग चूक. खोगिरावर वजन नको आणि खोगीर उताणंही नको. मागच्या सीटवर ठेवा, किंवा पुढचं उंच टोक खाली टेकवून, अंगाला घोंगडी लावून उभं करा. मे महिन्यात बंद गाडीत ते दिवसभर सोडू नका. पेटीबद्दल जे वर लिहिलं ते गाडीलाही लागू आहे.

खोगीर पडलं, किंवा त्याच्यावर वजन आलं, तर परत घोड्यावर चढवायच्या आधी सांगाडा तपासा. पुढचं टोक पोटाशी टेकवा, मागचं टोक दोन्ही हातांनी स्वतःकडं ओढा. स्प्रिंगचा सांगाडा थोडा लवचिक असतो, लवतो आणि परत येतो. पण सीट मधोमध दुमडली, चामड्यावर आडवी सुरकुती पडली किंवा आतून करकर आवाज आला, तर सांगाडा गेला. मग पुढच्या कमानीची खालची दोन टोकं धरून एकमेकांकडं दाबून बघा. तिथं हालचाल जाणवली तरी तेच. असलं खोगीर बाहेरून अगदी नवंकोरं दिसतं आणि पाठ घोड्याची जाते. ज्याच्यावर पोतं ठेवलं होतं ते माझं खोगीर असंच गेलं. सध्या ते गॅलरीच्या कठड्यावर आहे, त्याच्यावर नमदे वाळतात.