चोपण रान सुधारायचं असेल तर आधी चर काढा

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या काळ्या रानात ऊस पिवळा पडला, उगवण विरळ झाली, नांगरताना गांडूळ दिसेनासं झालं, की युरियाचं पोतं फोडू नका. रान खारवट (विरघळणारं मीठ साचलेलं) आहे की चोपण (मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं), ते आधी ठरवा. दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

एकरी आठ-दहा जागांची वीतभर खोलीची माती मिसळा, त्यातली अर्धा किलो कर्नाटक कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रात तपासायला द्या. सामू (पीएच) ८.५ च्या खाली आणि क्षारता मीटरला ४ डेसिसायमनच्या वर असेल तर रान खारवट. सामू ८.५ च्या वर आणि विनिमयी (कणांना चिकटलेलं) सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर चोपण. रिपोर्ट येईपर्यंत अंदाज हवा असेल, तर बरणीत पावसाच्या पाण्यात माती हलवून ठेवा. चोपण माती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच ठेवते.

आता चर, म्हणजे रानातलं पाणी बाहेर काढणारी नाली. "जिप्सम टाका आणि पाणी द्या" हा अर्धवट सल्ला आहे, आणि त्यानंच रानं वाया जातात. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांवरून सोडियम हटवतं. सुटलेलं सोडियम पाण्यात विरघळतं, पण त्या पाण्याला वाट नसेल तर ते तिथंच मुरून राहतं आणि उन्हाळ्यात मीठ पुन्हा वर येतं. पैसे गेले, रान तसंच!

चर रानाच्या खालच्या अंगाला, तीन-चार फूट खोल घ्या. काळी माती ढासळते, म्हणून काठ उभे नकोत, तिरके ठेवा. तळाचा उतार ओढ्यापर्यंत सलग हवा. मध्ये एक खळगा राहिला तरी पाणी तुंबतं. शेजाऱ्याच्या बांधाला चर संपवू नका. खालच्या रानवाल्यांना सोबत घेऊनच काढा, नाहीतर त्यांचं रान बिघडेल.

खारवट रानाला जिप्सम लागत नाही. चर आणि गोडं पाणी पुरतं. चोपणाला जिप्सम रिपोर्टमधल्या गरजेच्या निम्मं टाका, वरच्या चार इंचांतच मिसळा. खोल गाडलं की वरचा कडक थर तसाच राहतो. मग वाफे बांधून पाणी साठवा. बोअरचं पाणी तपासल्याशिवाय वापरू नका.

नंतर हिरवळीच्या खतासाठी एकरी २० किलो धैंचा पेरा, ४५-५० दिवसांनी गाडा. पहिल्या वर्षी हरभरा, मूग नको. पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागांची माती पुन्हा तपासा. सामू उतरला नसेल तर उरलेलं जिप्सम टाकण्याआधी चर साफ करा.