थंडीच्या दिवसांत वस्तीची वही कशी ठेवायची

मी पारडीकडच्या एका वस्तीत आशा सेविका आहे. नागपुरात उष्माघाताची नोंद सगळेच ठेवतात, थंडीची कोणी ठेवत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला, त्या हिवाळ्यापासून मी ठेवते. नव्या आशाताईंसाठी सांगते.

दोनशे पानी वही घ्या. रोज सकाळी तारखेसमोर आधी किमान तापमान लिहा. हवामान खात्याच्या हिशेबात पारा १० किंवा खाली आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश कमी असला की थंडीची लाट. तुम्ही त्या घोषणेसाठी थांबू नका. टिनाच्या घरात म्हातारी माणसं त्याआधीच गारठतात.

खाली घरागणिक लिहा: वय, त्रास, आणि माणूस झोपतो कुठे. हा शेवटचा रकाना मी एका आजीमुळे वाढवला. सकाळी साडेसातला गेले, तर फरशीवर नुसती सतरंजी आणि अंगावर दोन गोधड्या. सून म्हणाली, "रातभर कुडकुडत होती, आता शांत झोपली." हात लावला तर पोटसुद्धा गार, हाक मारली तर शब्द अडखळत. थर्मामीटरवर ९३. अंग ९५ च्या खाली गेलं की थेट १०८ ला फोन करायचा. कुडकुडणं थांबलं म्हणजे बरं वाटतंय, असं कधीच समजू नका.

सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंटची यादी वेगळी ठेवा. गारठ्याने त्यांचं दुखणं उसळतं, म्हणून पारा उतरला की त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे चक्कर मारा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजा. ६० किंवा जास्त भरला तर लगेच दवाखाना.

एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचं सकाळी डोकं दुखतंय, मळमळतंय, तर रात्री शेगडी होती का विचारा. शेगडीतून निघणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइड) वास नसतो. आधी सगळ्यांना बाहेर काढा, वही नंतर.

ऊन पडलं म्हणून लिहिणं थांबवू नका. छातीतली कळ, लकवा एक-दोन दिवसांत दिसतो. न्यूमोनिया आठवड्या-दोन आठवड्यांनीही येतो. मी लाट सरल्यावर तीन आठवडे लिहिते. कोणी गेलं तर मागच्या पंधरा दिवसांचं तापमान त्या नावाखाली उतरवते, कारण दाखल्यावर थंडीचा उल्लेख सहसा येत नाही.

वही दर शुक्रवारी सिस्टरला दाखवा. पण एका गल्लीत एकाच दिवशी तीन घरांत सारखा त्रास दिसला, तर त्याच दुपारी फोन करा.