वॉकीटॉकी घेताय? आधी या चुका टाळा

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आणि पावसाळी ट्रेकचा मोसम. या दोन वेळांना "वॉकीटॉकी बोगस निघाले हो" ही तक्रार ठरलेली. सेट तपासावा तर ठणठणीत. चुकलेलं असतं ते खरेदीचं गणित, नाहीतर आदल्या संध्याकाळी अर्धा तास बसून करायची तयारी कुणी केलेलीच नसते.

खोक्यावरचे किलोमीटर

खोक्यावर ‘८ किमी’, ‘१० किमी’, कधी त्याहूनही जास्त छापलेलं असतं. तो आकडा या डोंगरमाथ्यावरून त्या डोंगरमाथ्यावर, मध्ये काही आडवं नसताना मिळतो. म्हणजे खोटा नाही, पण परळच्या गल्लीत त्याचा उपयोग शून्य. हे सेट ज्या ४४६ मेगाहर्ट्झच्या लहरींवर बोलतात, त्या जवळपास नजरेच्या रेषेत जातात. दीड मीटर उंचीवर धरलेल्या सेटचं क्षितिज साधारण ५ किमीवर असतं. उघड्या किनाऱ्यावर दोन माणसं उभी केली तरी १० किमीच्या आसपास पृथ्वीची गोलाईच आडवी येते. मग मध्ये सिमेंट, सळ्या आणि पत्रे आले की काय उरणार?

गिरगाव चौपाटीवरून समुद्रावर नजर टाकत नरिमन पॉइंटला आवाज स्वच्छ जाऊ शकतो, आणि तोच सेट ठाकुरद्वारच्या गल्ल्यांत चार वळणांत मुका होतो. दाट वस्तीत ३०० ते ५०० मीटर धरून चाला. टॉवरमध्ये चार-सहा मजले. लिफ्ट म्हणजे लोखंडी पेटी, तिथे काही धरूच नका. तळघरातल्या पार्किंगमध्ये उताराचं वळण संपलं की संपर्कही संपला. राजमाचीला श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांवरून समोरासमोर झकास ऐकू येतं, पण त्यातला एक जण डोंगराच्या मागच्या अंगाला उतरला की गप्प.

यावर उपाय माणसाचा. दोन्हीकडे नजर जाईल अशा उंच जागी एक जण ठेवायचा आणि त्याने निरोप पुढे द्यायचा. सोसायटीत ही जागा गच्ची असते, ट्रेकमध्ये खिंड. एक माणूस त्यात अडकतो हे खरं, पण जास्त ‘पॉवर’च्या सेटमागे धावण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

‘पाच वॅटचा घे, लांब जातो’

हा सल्ला देणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो. भारतात खासगी वापरासाठी बिनपरवाना मोकळा असलेला वॉकीटॉकीचा पट्टा म्हणजे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ. शिवाय त्या सेटला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेची ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराला दिलेली मंजुरी, लागते. हे सेट साधारण अर्ध्या वॅटचे असतात आणि त्यांचा अँटेना सहसा पक्का बसवलेला असतो. स्वस्तात मिळणारे पाच वॅटचे चिनी सेट व्हीएचएफ आणि यूएचएफ या दोन रुंद पट्ट्यांमध्ये वाटेल तिथे बोलू शकतात, आणि नेमका तोच त्यांचा दोष. मुंबईत बंदर आहे, मच्छीमार आहेत. समुद्रावरचा संकटकाळचा चॅनेल १६ हा १५६.८ मेगाहर्ट्झवर आहे आणि असा सेट चार बटणं चुकीची दाबली तरी तिथे पोचतो. ‘४४६ वर लावून देतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराच्या शब्दाने तो कायदेशीर होत नाही. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना असला तरी हॅमचे पट्टे वेगळे, त्यावर मंडळाचं किंवा धंद्याचं काम करायचं नसतं, आणि मिरवणुकीतल्या वीस जणांकडे तो परवाना नसतोच.

फायदा तरी किती? अर्ध्याचे पाच वॅट म्हणजे दहापट ताकद, पण मोकळ्या जागेतसुद्धा अंतर तिपटीच्या जरा वर जातं. इमारतींमध्ये ते दुप्पटही होणं कठीण. वर समोरच्याचा सेट अर्ध्या वॅटचा असेल तर तुमचं त्याला ऐकू जाईल, त्याचं तुम्हाला नाही.

अमेरिकेहून भाच्याने आणलेली जोडीही कपाटातच ठेवा. ती ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालते, इथे तो पट्टा मोकळा नाही. ऑनलाइन घेताना फ्रिक्वेन्सी आणि ईटीए दोन्ही लिहिलेलं नसेल तर पुढे सरका. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कारणासाठी ई-कॉमर्सवाल्यांना मार्गदर्शक सूचना काढल्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलात तर खोकं उघडून मागचं लेबल वाचा. "सगळे हेच घेतात" हे लेबल नव्हे.

टोनचा घोळ

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ही, आणि सगळ्यात सहज टळणारीही हीच.

सेटवर चॅनेलच्या शेजारी एक छोटा आकडा असतो, १ ते ३८ किंवा त्याहून पुढे. तो टोनचा क्रमांक. बटण दाबून बोलताना आवाजाखाली एक बारीक गुणगुण जाते आणि समोरचा सेट ती ओळखीची असेल तरच स्पीकर उघडतो. याला खोक्यावर ‘प्रायव्हसी कोड’ म्हणतात आणि तिथेच लोक फसतात. गुप्त काहीही नसतं. टोन बंद ठेवलेला कुठलाही सेट तुमचं सगळं बोलणं ऐकतो. टोनमुळे फक्त इतरांची बडबड तुमच्या कानावर येत नाही. पण ते त्याच चॅनेलवर बोलत असतील तर तुमचं बोलणं तरीही चिरडलं जातं, आणि का चिरडलं गेलं हे तुम्हाला कळतही नाही.

आता खरी मेख. हे क्रमांक सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. एका यादीत क्रमांक १ म्हणजे ६७.० हर्ट्झची गुणगुण, २ म्हणजे ७१.९, ३ म्हणजे ७४.४, ४ म्हणजे ७७.० आणि ५ म्हणजे ७९.७. दुसऱ्या यादीत ६७.० नंतर ६९.३ घुसवलेला असतो, त्यामुळे पुढचं सगळं एकेक घर सरकतं आणि क्रमांक ५ होतो ७७.०. दोन्ही सेटच्या पडद्यावर ‘५’ दिसतो, आणि दोघे एकमेकांना बहिरे.

लालबाग-परळ भागातल्या एका मंडळाचं हेच झालं. दहा सेट नवे आणि चार जुने, दुसऱ्या कंपनीचे. ऐन विसर्जनाच्या सकाळी मंडपातच वाटप झालं. सगळ्यांनी चॅनेल ३, टोन ५ लावला. जुन्या सेटवर टोन लागला की पलीकडून काहीच येईना, तेव्हा एका हुशार कार्यकर्त्याने चारही जुन्या सेटवर टोन बंद करून टाकला. लगेच सगळं ऐकू यायला लागलं, "झालं, चालू!" म्हणून मिरवणूक निघाली. जुने चारही सेट मागच्या टोकाला, दोरी धरणाऱ्यांकडे. त्यांना पुढचं प्रत्येक वाक्य ऐकू येत होतं. पण त्यांच्या आवाजात टोनच नव्हता, त्यामुळे नव्या दहा सेटना त्यांचा एक शब्द ऐकू गेला नाही. चिंचपोकळीच्या पुढे मागची दोरी मागेच राहिली, मध्ये मोठी फट पडली, गर्दी आत शिरली. मागचे "थांबवा, ट्रॉली थांबवा" ओरडतायत आणि पुढे सगळं शांत. शेवटी एक पोरगं धावत पुढे गेलं तेव्हा ट्रॉली थांबली. नंतर खापर फुटलं ते ‘जुन्या मॉडेल’वर.

म्हणून मिश्र कंपन्यांचे सेट असतील तर टोन क्रमांकाने नाही, हर्ट्झने जुळवा. दोन्ही माहितीपत्रकांतले तक्ते शेजारी ठेवून एकच आकडा शोधायचा, उदाहरणार्थ ८८.५, आणि प्रत्येक सेटवर त्याचा जो काही क्रमांक असेल तो लावायचा. माहितीपत्रक हरवलं असेल तर सरळ सगळ्यांचा टोन बंद. चॅनेललाही हेच लागू. काही सेट ८ चॅनेलचे, काही १६ चे. दोन्हींत चॅनेल १ हा ४४६.००६२५ आणि ८ हा ४४६.०९३७५ असायला हवा, तेव्हा मिसळ असेल तर १ ते ८ मध्येच राहा.

त्यातही १ नको. नवा सेट बहुधा १ वरच येतो आणि तो न बदलणारे ढिगाने आहेत. मॉनिटर बटण दाबून ठेवलं की टोनची गाळणी उघडते आणि चॅनेलवर खरोखर कोण आहे ते कळतं. माझी सवय अशी की प्रत्यक्ष जागेवर जाऊन प्रत्येक चॅनेल मिनिटभर असा ऐकायचा, मग एक मुख्य आणि एक राखीव ठरवायचा. घरी बसून ठरवलेला चॅनेल मिरवणुकीच्या रस्त्यावर तुडुंब असू शकतो.

बाकीच्या, पटापट

बटण दाबल्याबरोबर बोलू नका. टोन ओळखायला आणि झोपलेला सेट जागा व्हायला थोडा वेळ जातो, तेवढ्यात पहिला शब्द गिळला जातो. "नको सोडू" मधला ‘नको’ गेला तर काय होईल ते सांगायला नको. दाबा, एक क्षण थांबा, मग बोला.

माइक तोंडापासून चार-पाच बोटं. ओरडलं की आवाज फाटतो.

ढोल-ताशात व्हॉक्स, म्हणजे आवाजावर आपोआप चालू होणारी सोय, बंद ठेवा. ताशालाच तो तुमचा आवाज समजतो आणि सगळ्यांचा चॅनेल अडवून बसतो.

कमरेला अडकवलेला सेट ही आणखी एक खोड. अंगातलं पाणी लहरी खातं. अँटेना उभा आणि डोक्याच्या उंचीला हवा. दोन्ही हात अडकलेले असतील तर खांद्याच्या पट्ट्यावर बांधा आणि कॉलरवर लावायचा स्पीकर-माइक घ्या. तो घेताना पिना बघून घ्या, दोन पिनांचा आणि एका पिनेचा एकमेकांना चालत नाहीत.

शेजारी-शेजारी उभं राहून चाचणी करण्यात अर्थ नाही, नुसती शिट्टी ऐकू येते. एकाला शेजारच्या इमारतीत पाठवा.

बॅटरीचे तास खोक्यावर छापतात ते ५ टक्के बोलणं, ५ टक्के ऐकणं आणि ९० टक्के गप्प बसणं धरून. विसर्जनात कोण गप्प बसतं? जादा बॅटरी किंवा पॉवर बँक हवीच. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या सेटमध्ये चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात आणि साधे १.५ चे, त्यामुळे नव्या चार्ज केलेल्या सेलवरही पडद्यावरची खूण लवकर उतरलेली दिसते. घाबरू नका. मात्र साधे सेल घातलेला सेट चार्जरवर कधीही ठेवू नका.

‘वॉटरप्रूफ’ शब्दावर विसंबू नका, आयपी आकडा वाचा. आयपी ६७ म्हणजे १ मीटर खोल गोड्या पाण्यात ३० मिनिटं, आणि तेही इयरफोनच्या भोकावरचं रबरी झाकण नीट बसलेलं असताना. ते झाकण उघडंच राहतं. चौपाटीवर खारं पाणी उडालं तर अशा सेटला झाकण लावून गोड्या पाण्याने धुवा, पुसा, मग वाळवा. पावसाळ्यात चार्जिंगच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मिळतं, ते कापसाच्या काडीवर घेऊन पुसा. सणानंतर लिथियम बॅटरी अर्धी भरलेली ठेवा, पूर्ण रिकामी करून माळ्यावर टाकू नका.

ऐन वेळी अडलं तर

तुम्हाला ऐकू येतंय पण तुमचं कुणाला जात नाही: तुमच्या सेटवर टोन बंद आहे, त्यांच्यावर चालू. कुणालाच कुणाचं नाही: आधी चॅनेल, मग टोन. सतत खरखर किंवा कपड्यांची घासाघीस आणि कुणालाच बोलता येत नाही: कुणाच्या तरी पिशवीत बटण दाबलं गेलंय. कीपॅड लॉक असला तरी बहुतेक सेटवर बोलायचं बटण मोकळंच राहतं. बराच वेळ ज्याचा आवाज आलेला नाही त्याला आधी धरा. तोवर बाकीचे राखीव चॅनेलवर जातात, पण तो चॅनेल सगळ्यांना माहीत असेल तरच. म्हणून प्रत्येक सेटच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर मुख्य चॅनेल, राखीव चॅनेल आणि हर्ट्झमधला टोन मार्करने लिहा, आणि वरून पारदर्शक टेप मारा, गुलाल आणि पाऊस दोन्हींत शाई उडते.