मुलं घरात आणि मिस्त्रीही घरात: काम चालू असताना राहायचं कसं

घराचं काम काढलंय असं सांगितलं की पुण्यात पहिला सल्ला ठरलेला: "महिनाभर मुलांना घेऊन माहेरी जा." महिनाभर! हे सांगणाऱ्यांनी आयुष्यात कधी बाथरूमची फरशी उकरलेली नसते. आमचं पहिलं 'महिन्याभराचं' काम गणपतीनंतर सुरू झालं आणि संक्रांतीचा तिळगूळ मी सिमेंटच्या गोणीवर बसून वाटला. शाळा बुडवून, रजा टाकून एवढे दिवस कोण कुणाकडे राहणार? तेव्हा घरातच राहायचं आहे असं धरून लिहिते.

तीनदा झालंय हे माझं. आधी कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटची सगळी फरशी, तेव्हा मोठा चार वर्षांचा आणि धाकटी रांगणारी. मग दोन्ही बाथरूम. मग सदाशिव पेठेतलं सासूबाईंचं जुनं घर, तिथे आमच्या दोन मुलांच्या जोडीला दिरांची दोन होती.

काम कधी काढायचं

जानेवारी-फेब्रुवारीत. 'उन्हाळ्याच्या सुट्टीत काढा' म्हणणाऱ्यांना नमस्कार करा आणि पुढे चला. सुट्टी म्हणजे मुलं दिवसभर घरात, आणि लग्नसराईत निम्मे कारागीर गावाला. पावसाळ्यात पुट्टी वाळत नाही. दिवाळीच्या आधी काढलेलं काम दिवाळीच्या आधी संपत नाही.

वेळा

तोडफोड आणि कटर सकाळी दहा ते एक, नंतर चार ते सहा. आमच्या सोसायटीचा तसा नियमच आहे. पुण्याच्या एक ते चारची सगळ्या महाराष्ट्राने टिंगल केली, पण तान्ह्या बाळाच्या आईला विचारा त्याची किंमत. ठेकेदाराला पहिल्याच दिवशी सांगा की त्या वेळात फरशी बसवणं, सांधे भरणं, मोजमापं अशी बिनआवाजाची कामं करायची. आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असल्याची सूचना महापालिकेकडून आली, तर त्या दिवशी कटर चालवायचाच नाही. पाण्याशिवाय कापलेल्या एका फरशीची धूळ आठवडाभर पुरते.

घराचे दोन भाग

एक खोली कामापासून सगळ्यात लांबची. तिच्यात सगळ्यांच्या गाद्या, मुलांचे कपडे, औषधं. त्या खोलीत मिस्त्री पाऊल टाकणार नाही, कुठलंही सामान 'जरा दोन दिवस' ठेवलं जाणार नाही. ठेकेदार म्हणेल, सगळं घर एकदम फोडू, स्वस्त पडेल. त्याला पडेल. दोन टप्प्यांत करायचं, त्याचे जे जास्त होतील ते द्यायचे.

जेवणाचं फार डोक्याला लावून घेऊ नका. बेडरूमच्या टेबलावर इंडक्शन, त्यावर वरणभात आणि दूध, बाकी कोपऱ्यावरचं पोळीभाजी केंद्र.

धूळ

इथे मी स्वतः तोंडावर पडले, म्हणून इथे सावकाश वाचा.

पहिल्या वेळी मी सगळं 'नीट' केलं होतं. बोहरी आळीतून जाड प्लास्टिकचा कागद आणला, हॉलच्या दाराला चिकटपट्टीने लावला, उंबऱ्याशी ओली गोधडी टाकली. सगळ्यांनी सांगितलं होतं म्हणून खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, वारं खेळायला. तरी रोज संध्याकाळी बेडरूममधल्या पाळण्याच्या कठड्यावर बोटाने नाव लिहिता यायचं. मोठ्याचा खोकला तीन आठवडे हटला नाही. नेब्युलायझर आणावा लागला. ठेकेदाराचं एकच पालुपद, "ताई, काम म्हटलं की धूळ होणारच."

होणारच. पण ती कुठे जाणार हे हवा ठरवते, कागद नाही. मला हे उदबत्तीने शिकवलं. एकदा तिन्हीसांजेला काम बंद असताना देवापुढे उदबत्ती लावली, आणि धूर स्वयंपाकघराकडे सरळ ओढला जाताना दिसला. तिथे चिमणी चालू होती. म्हणजे मी रोज सकाळी मुलांच्या पोळ्या करताना चिमणी लावत होते, आणि ती चिमणी कागदाच्या फटींमधून हॉलची धूळ घरात ओढून आणत होती. बाथरूमचा एग्झॉस्ट फॅनही तेच करत होता. खोकला मीच चालू करत होते, बटण दाबून.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी. काम चालू असलेल्या खोलीच्या खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवायचा. बारा इंची साधा एग्झॉस्ट फॅन चालतो. सरकत्या खिडकीची एक काच मागे सारायची, त्या मापाचा प्लायचा तुकडा सुताराकडून कापून घ्यायचा, त्याला भोक पाडून पंखा अडकवायचा, कडा चिकटपट्टीने बंद करायच्या. त्या खोलीच्या बाकीच्या खिडक्या बंद. हो, बंद. आमच्याकडे दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, आणि हॉलची खिडकी पश्चिमेला. उघडी ठेवली की सगळी धूळ तो उचलून आत आणून देतो. राहत्या बाजूची एखादी खिडकी मात्र चार बोटं उघडी ठेवा, म्हणजे पंख्याला ओढायला स्वच्छ हवा मिळेल. घरची हवा कामाच्या खोलीत गेली पाहिजे आणि तिथून बाहेर.

बरोबर चाललंय का हे ओळखायला यंत्र लागत नाही. दाराच्या प्लास्टिककडे बघा. त्याचं पोट कामाच्या खोलीकडे फुगलेलं असेल तर ठीक. तुमच्याकडे फुगलं असेल तर धूळ तुमच्याकडे येतेय, लगेच चिमणी आणि बाथरूमचा पंखा बंद करा. शंका आली तर फटीशी उदबत्ती धरा.

दोन सावधगिऱ्या. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर हा पंखा चालू असताना तो लावायचा नाही. हवा उलटी ओढली गेली की गीझरचा धूर बाहेर न जाता घरात येतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आंघोळी कामगार यायच्या आधी उरकायच्या. दुसरी, प्लास्टिकचा पडदा दाराच्या पलीकडच्या अंगाला, कामाच्या बाजूने लावायचा. अलीकडे लावलात तर रांगतं मूल त्यात तोंड खुपसतं. माझ्या धाकटीने खुपसलं होतं.

पडदाही एक नको, दोन हवेत. एक चौकटीच्या डावीकडून, एक उजवीकडून, मध्ये हातभर एकमेकांवर येतील असे, म्हणजे माणूस गेला की आपोआप मिटतात. चिकटपट्टी चौकटीच्या लाकडावर लावा. भिंतीवर महिनाभर ठेवली तर निघताना रंगाचा पापुद्रा घेऊन येते. उंबऱ्याशी गोणपाट ओलं करून ठेवायचं आणि रोज धुवायचं. वाळलेलं गोणपाट म्हणजे धुळीचं कोठार.

आणि केरसुणी लपवा. खरंच लपवा, कारण कामाला येणाऱ्या मावशी सवयीने झाडायला घेणारच. फरशी, सिमेंट, वाळू यांच्या धुळीत सिलिका असते, आणि त्यातले जे कण फुफ्फुसात खोल जातात ते १० मायक्रॉनहूनही लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या सातव्या-आठव्या हिश्शाचे. ते दिसत नाहीत आणि तासन्‌तास हवेत तरंगतात. झाडलं की बसलेले पुन्हा उठतात. साध्या व्हॅक्यूम क्लीनरचंही तेच, पुढून ओढतो आणि मागून बारीक धूळ सोडतो. काम थांबल्यावर पंखा तासभर चालू ठेवायचा, मग ओलं फडकं, दोनदा, पाणी बदलून. मुलांना मास्क बांधून समाधान मानू नका. लहान तोंडाला तो बसतच नाही, सगळी हवा कडेने जाते.

पुट्टी: इथे सगळे फसतात

तोडफोड संपली, राडारोड्याच्या गोण्या खाली गेल्या, फरशी बसली. आता काय, नुसता रंग. असं म्हणून मी प्लास्टिक काढलं, पंखा उतरवला, पडदे धुऊन लावले. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याची पोरं पॉलिश पेपर घेऊन भिंती घासायला लागली.

तोडफोडीची धूळ जाड असते, पुष्कळशी तिथेच पडते. पुट्टीची घासाई म्हणजे चाळलेला मैदा. कपाटाच्या आत, घडी घातलेल्या चादरीच्या आत, दुधाच्या बाटलीच्या झाकणाखाली. दोन हातांची पुट्टी म्हणजे दोनदा घासाई, आणि प्रायमरनंतर पुन्हा थोडी. तेव्हा पंखा आणि पडदे प्रायमरनंतरची घासाई पूर्ण होईपर्यंत हलवायचे नाहीत, कुणी कितीही हसलं तरी. घासाईचे दिवस रंगाऱ्याकडून आधी तारखेनिशी काढून घ्या. "बघू, वाळलं की करू" हे उत्तर चालवून घेऊ नका, कारण हे दोन-तीन दिवसच असे आहेत की मुलांना खरोखर घराबाहेर काढायचं असतं. माहेर वापरायचं ते इथे. नाहीतर शाळेनंतर थेट पेशवे उद्यान, मग सारसबाग, मग आजीकडे जेवण, झोपायला घरी. कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. ते मी दोन चिडलेल्या मुलांसह गेटवर उभी राहून शिकले. व्हॅक्यूमची नळी जोडलेलं घासाईचं यंत्र असलेला रंगारी मिळाला तर चार पैसे जास्त देऊन तोच घ्या.

जुनं घर असेल तर आणखी एक गोष्ट आहे, आणि इथे मला गंमत सुचत नाही. खिडक्यांचे गज, दारं, ग्रिल यांवरच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात दहा लाख भागांत शिशाचे ९० भाग ही मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत काय आहे ते आपल्याला डोळ्यांनी कळत नाही. शिशाचं प्रमाण इतकं असलं तर चालतं, असा आकडा लहान मुलांसाठी नाहीच, आणि ते मेंदूवर परिणाम करतं. म्हणून असे रंग कोरडे खरवडायचे नाहीत, ग्राइंडरने तर मुळीच नाही, हवेच्या तापत्या झोताने जाळायचेही नाहीत. पाणी मारून वॉटर पेपरने घासायचे, खाली कागद अंथरून पापुद्रे गोळा करून गाठोडं बांधायचं. सदाशिव पेठेतल्या घरी थर पक्का होता, तो मी खरवडूच दिला नाही. वरून रंग दिला. सासूबाई म्हणाल्या, गुळगुळीत नाही दिसत. नसू दे.

मुलांच्या हाताला लागणाऱ्या गोष्टी

रोज संध्याकाळी कामगार गेले की कामाच्या खोलीत एक फेरी. तीन गोष्टी बघायच्या. भरलेली बादली किंवा पिंप उघडं आहे का. रांगतं मूल वीतभर पाण्यात बुडू शकतं. प्लग न लावता काडेपेटीच्या काड्या खोचून सॉकेटमध्ये घुसवलेल्या वायरी आहेत का; असतील तर काम थांबवा, प्लग स्वतः आणून द्या, आणि मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर काम सुरू होण्याआधीच बसवून घ्या. तिसरी सगळ्यात वाईट: पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरलेलं थिनर किंवा फरशी धुवायचं ॲसिड. ही सवय जाता जात नाही. मी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगते की घरात पाण्याच्या बाटलीत पाण्याशिवाय काही दिसलं तर मी ओतून देणार, भरपाई मिळणार नाही. मुलाने तरीही घोट घेतलाच तर उलटी करवायची नाही, मीठपाणी पाजायचं नाही. बाटली हातात घेऊन सरळ हॉस्पिटल.

ओलं सिमेंट मुलांना चिखलासारखं खुणावतं. कातडी भाजते त्याने. हात लागला तर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवायचा.

मोठ्या मुलाला रोज पाच मिनिटं पडद्याच्या अलीकडून काम बघू द्या. आमच्या चिरंजीवांना मिस्त्रीकाकांनी रिकामी लेव्हल नळी दिली होती. महिनाभर तो सगळं घर 'लेव्हल' करत होता, वरणभातासकट.

पडदे कधी उतरवायचे

प्रायमरनंतरची घासाई झाल्यावर एक दिवस थांबून, पंखा चालू ठेवूनच. वरून खाली पुसत या: पंख्याची पाती, कपाटांचे माथे, दारांच्या वरच्या कडा, मग भिंती, शेवटी फरशी. प्लास्टिकवर पाणी शिंपडा, आतल्या बाजूला गुंडाळत काढा. मग एसीची जाळी धुवा, ती पूर्ण वाळेपर्यंत एसीला हात लावू नका. पाळणा त्यानंतर हलवा.