व्यायलेली गाय भिंत चाटू लागली तर काय करायचं

"मॅडम, गाय भिंत चाटाय लागलीया, हटंना झालीया." मिरज तालुक्यातल्या एका गोठ्यातून पहाटे साडेपाचला हा फोन आला. गाय होल्स्टिन संकरित, तिसरं वेत, व्यायल्याचा बारावा दिवस, दूध 22 लिटर. मी पोचले तेव्हा ती गव्हाणीच्या लोखंडी पाइपवर एकाच जागी जीभ फिरवत होती. लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. पेंडीला तोंड लावलं नव्हतं, कडबा तेवढा चघळलेला. श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडूस वास. ही कितनबाधा (किटोसिस), म्हणजे अंगातली साखर कमी पडून रक्तात कीटोन वाढण्याचं दुखणं, आणि तेही मेंदूपर्यंत पोचलेलं.

अशा गाईच्या तोंडात आधी हात घालू नका. पिसाळलेलं जनावरही लाळ गाळतं, हंबरतं, अंगावर येतं. रेबीजची शंका फिटेपर्यंत लाळेला उघड्या हातानं शिवायचं नाही.

आता गाईच्या आत काय चाललंय ते समजून घ्या, म्हणजे उपचार चुकणार नाही. आपण भात खाल्ला की त्याची साखर आतड्यातून रक्तात जाते. गाईच्या कोटीपोटातले (पहिल्या मोठ्या पोटातले) जंतू मात्र ती आधीच आंबवून टाकतात आणि तिची आम्लं करतात. त्यातलं प्रोपिऑनिक आम्ल यकृतात जातं, यकृत त्याचं ग्लुकोज बनवतं. एक लिटर दुधाला साधारण 70 ग्रॅम ग्लुकोज लागतं. म्हणजे 22 लिटरला रोज दीड किलो! व्यायल्यावर भूक मंदावते, कास मात्र ओढतच राहते. मग अंगावरची चरबी वितळून यकृताकडे धावते. यकृत ती जाळतं, पण चरबीतल्या आम्लांचं ग्लुकोज त्याला करता येत नाही. जास्तीची चरबी ते कीटोनच्या रूपात रक्तात सोडतं, आणि हे कीटोन त्याला स्वतःला वापरता येत नाहीत. उरलेली चरबी त्याच्याच पेशींत साठते आणि ग्लुकोज बनवण्याचं कामही मंदावतं.

मेंदूचं दुखणं इथं सुरू होतं. त्याला चरबीवर भागवता येत नाही, ग्लुकोजच लागतं. लांबच्या उपवासात माणसाचा मेंदू बराचसा कीटोनवर चालतो. गाईच्या मेंदूला तेवढं जमत नाही. म्हणून ती भिंत चाटते, गोल फिरते, हवेतच चावत राहते.

यावर घरोघरी गूळपाणी पाजतात. माया खरी, पण तो गूळ यकृतापर्यंत जातच नाही, जंतूच खातात. जास्त झाला तर पोट आंबून दुसरंच दुखणं उभं राहतं.

निदानाला माणसांचं कीटोन मोजायचं छोटं यंत्र चालतं. रक्ताचा थेंब शेपटीच्या शिरेतून घ्यावा. दुधाच्या शिरेतून घेतला तर आकडा कमी येतो. आकडा लिटरला 1.2 मिलिमोलच्या वर गेला तर छुपी कितनबाधा धरा, 3 च्या वर गेला तर डॉक्टरला लगेच बोलवा.

पहिलं सलाईन 50 टक्के डेक्स्ट्रोजचं, 500 मिली, शिरेतून, डॉक्टरच्याच हातून. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एवढंच देऊन निघून आले होते. गाय तासाभरात शांत झाली, मालक खूश, मीही खूश. दुसऱ्या दिवशी गाय पुन्हा तशीच. शिरेतली साखर काही तासांत संपते. त्या गाईच्या यकृताला मी कच्चा माल दिलाच नव्हता, आणि ते मला आजही बोचतं.

तो कच्चा माल म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, हे पाजायचं पातळ औषध; यकृत त्याचं ग्लुकोज बनवतं. दिवसातून एकदा 300 मिली, तीन ते पाच दिवस. मान फार वर न उचलता, घोटघोट पाजा. गिळत नसेल तर पाजूच नका, फुप्फुसात जाईल. सोबत चांगला हिरवा चारा किंवा मुरघास पुढ्यात ठेवा. खुराक मात्र हळूहळूच वाढवा.

पुढच्या वेताला भाकड काळात गाय लठ्ठ होऊ देऊ नका. अशाच गाईची चरबी व्यायल्यावर यकृताकडे लोटते. व्यायच्या आधी तीन आठवडे खुराकाची सवय लावा. व्यायल्यापासून पाचव्या आणि दहाव्या दिवशी रक्त तपासा. त्या दोन तारखा गोठ्याच्या खांबावर खडूनं लिहून ठेवा, धार काढताना नजरेला पडतात.