‘एकादशी, दुप्पट खाशी’ थांबवायचं कसं?

माझ्या एका हिरव्या ब्लाउजमध्ये बगलेखाली शिलाईच्या तीन ओळी आहेत. शिंप्याने माया भरपूर ठेवली होती म्हणून निभावलं. सगळ्यात आतली ओळ बहिणीच्या लग्नाची. तेव्हा दोन महिने सकाळी फळं आणि रात्री सूप घेऊन मी सात किलो उतरवले होते. मधली ओळ त्यानंतरच्या दिवाळीची आणि बाहेरची पुढच्या संक्रांतीची. सात गेले, नऊ परत आले. पुढे हेच आणखी दोनदा झालं आणि प्रत्येक वेळी मी स्वतःलाच दोष दिला.

तो दोष चुकीचा होता. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास केला गेला. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्श्याने उतरलं, पण शरीराने ऊर्जेचा खर्चही आवळला. त्यांना सारखी थंडी वाजायची, थकवा असायचा, डोक्यात दिवसभर जेवणाचेच विचार. बंधन सुटल्यावर पोट भरलं तरी त्यांची भूक शमेना. ही माणसं मनाने कच्ची नव्हती. उपासमार झाली की शरीर असंच वागतं. म्हणून मी आता काहीही सुरू करताना आधी एकच विचारते: हे मी पुढच्या दिवाळीतही करत असेन का? उत्तर ‘नाही’ असेल तर त्या वाटेला जात नाही.

१. पहिले दोन आठवडे काहीच कमी करू नका, फक्त लिहा. काय खाल्लं, किती वाजता आणि तेव्हा खरंच भूक होती का, एवढंच. वहीत लिहिलेलं वाचल्यावर मला कळलं की माझा घोळ जेवणात नव्हताच. संध्याकाळी कामावरून आल्यावर स्वयंपाक होईपर्यंत ओट्याशी उभ्यानेच शेव-फरसाण तोंडात जायचं. दुपारचा डबा अपुरा होता, त्याची ती भूक होती. डब्यात मटकीची उसळ वाढवली आणि फरसाणाचा डबा आपोआप जास्त दिवस पुरायला लागला.

२. तेल मोजा. नवी पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर पेनाने तारीख घाला, संपेल तेव्हाही लिहा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज साधारण ३८ ग्रॅम होतं. एका ग्रॅमच्या ९ कॅलरी, म्हणजे नुसत्या तेलातून ३४० च्या आसपास. फोडणीला पळीऐवजी चमचा घ्या आणि तळणीचं उरलेलं तेल हिशेबातून सोडू नका. पाचाचे चार लिटर झाले, तरी माणशी दिवसाला जवळपास ७० कॅलरी वाचतात. आमच्याकडे पिठल्याची चव बदलल्याची तक्रार कुणी केली नाही. वांग्याच्या भरीताला मात्र मी हात लावला नाही. काही पदार्थांना तेल लागतंच.

३. ताट तेच ठेवा, वाटण्या बदला. आपल्या ताटात कोशिंबीर डावीकडे चमचाभर आणि भात मधोमध डोंगराएवढा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळांना दिला आहे. काकडी, गाजर, मुळा, कोबी, जे स्वस्त असेल त्याची वाटीभर कोशिंबीर करा. भाकरी किंवा पोळी बंद करू नका, एकाने कमी करा आणि तिची जागा उसळीला द्या.

प्रथिनांचाही विचार हवा. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत पाणीच जास्त असतं, तेवढ्याने भागत नाही. घट्ट वरण, कडधान्यं, दही, अंडी, चालत असेल तर मासे, असं दोन्ही जेवणांत काहीतरी असू द्या. प्रथिनं कमी ठेवून वजन घाईने उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. परत येताना बहुतेक चरबीच येते. थोडं चालणं आणि आठवड्यातून दोनदा बैठका किंवा वजन उचलणं त्यासाठीच.

४. एका वेळी एकच बदल. तो आठवण न करता होऊ लागला की पुढचा. मला चहातली साखर अर्ध्यावर आणायला दीड महिना लागला.

५. ‘बंद’ हा शब्द काढून टाका. सगळ्यात कळकळीने सांगावंसं वाटतं ते हेच. पुरणपोळी बंद म्हटलं की होळीपर्यंत तीच डोळ्यांसमोर नाचते. मग एक खाल्ली की ‘आता मोडलंच’ म्हणून चार जातात आणि दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून लंघन. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे चक्र लंघनाच्या दिवशी तोडा. पोळी ताटात घ्या, वर तूप घ्या, बसून चवीने खा. दुसऱ्या दिवशी नेहमीचं जेवण नेहमीच्या वेळी जेवा. उपास करत असाल तर तोही पोटभर खाऊन करा. वरीचा भात आणि दाण्याची आमटी हे पुरेसं जेवण आहे, रात्री वसूल करायला काही उरत नाही.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल, गरोदर असाल किंवा मूल अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय खाण्यात काहीही कमी करू नका.

६. काटा आठवड्यातून एकदाच. ठरलेल्या दिवशी, सकाळी, काही खाण्याआधी. शरीरात साठवलेली साखर आपल्या तिप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे कडक डाएटच्या पहिल्या आठवड्यात उतरलेल्या दोन-अडीच किलोंत बरंचसं पाणीच असतं. पाळीच्या आधी किंवा खारट खाल्ल्यावर किलोभर वाढ दिसते, तीही पाण्याचीच. महिन्याला एक ते दोन किलो उतरत असतील तर पुष्कळ झालं.

हवं ते वजन आल्यावरही आठवड्याचा आकडा लिहीत राहा. सलग तीन आठवडे तो दोन किलो वर दिसला, तर नवं डाएट शोधू नका. वही पुन्हा उघडा, तेलाच्या पिशवीवरची तारीख बघा आणि पहिल्या पायरीपासून दोन आठवडे लिहा.