डिपस्टिक नसलेल्या गाडीत इंजिन ऑइल कसं चेक करायचं

मी गोव्यात फोंड्याला राहतो, गाडी २०१२ ची ऑडी ए४ डिझेल, सेकंड हँड घेतलेली. घरी आणली त्या दिवशी सवयीने बॉनेट उघडलं आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायची काडी, शोधायला लागलो तर सापडली फक्त एक नळी, तिच्या तोंडावर बूच, आत काडीच नाही. मला वाटलं जुन्या मालकाने हरवली, पण कंपनीनेच दिलेली नसते. ऑडी, बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांत असंच आहे, ऑइल चेंबरच्या तळाला सेन्सर असतो आणि लेव्हल स्क्रीनवर बघायची. आता आपल्याकडे अशा जुन्या गाड्या भरपूर फिरतात, स्वस्तात मिळतात, आणि घेणाऱ्याला हे कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

ऑडीत कार बटण दाबून कार सिस्टिम्स, त्यात सर्व्हिसचा मेनू, त्यात ऑइल लेव्हल. इंजिन गरम हवं, गाडी सपाट जागेवर हवी, इंजिन बंद करून इग्निशन ऑन ठेवायचं आणि दोन-तीन मिनिटं थांबायचं म्हणजे वर चढलेलं ऑइल खाली उतरतं. बीएमडब्ल्यूत उलट आहे, आयड्राइव्ह म्हणजे त्यांच्या स्क्रीनच्या मेनूत व्हेईकल स्टेटसमध्ये जाऊन इंजिन ऑइल लेव्हल निवडायचं आणि तिथे सविस्तर मोजणी करायची असेल तर इंजिन गरम असताना गिअर पार्कमध्ये टाकून इंजिन चालूच ठेवायचं, साधारण मिनिटभर एक्सलरेटरला पाय लावायचा नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा कारण एकाची पद्धत दुसऱ्याला लावली तर रीडिंग येतच नाही आणि माणूस उगाच सेन्सर गेला समजून खर्चात पडतो.

गरम म्हणजे किती, इथेच सगळे चुकतात. पाण्याचा काटा ९० वर गेला म्हणजे ऑइल गरम झालं असं नाही, ऑइल पाण्याच्या मागून तापतं. घरातून बाजारात जाऊन आलो एवढ्याने होत नाही, निदान १५-२० किलोमीटर चालली पाहिजे. मी काय करतो, पणजीहून परत येताना बाणस्तारी, म्हार्दोळ करत फर्मागुढीला वर आलो की तिथे एक सपाट जागा ठरवून ठेवलीय, दर महिन्याला तिथेच थांबवतो आणि तिथेच बघतो. आपल्याकडे सगळी घरं उतारावर, अंगणात गाडी लावली तरी नाक खाली किंवा वर असतंच, आणि तेवढ्याने सुद्धा लेव्हल खोटी दिसते. जागा सपाट आहे का ते बघायची सोपी युक्ती, एकदा मोजा, मग गाडी फिरवून तोंड उलट दिशेला करून त्याच जागेवर परत मोजा, दोन्ही वेळा तेच आलं तर जागा चांगली. मग ती सोडू नका. रीडिंग आणि किलोमीटर मोबाईलमध्ये लिहून ठेवा, कारण एक रीडिंग काही सांगत नाही, चार महिन्यांची रीडिंग बघितली की गाडी ऑइल खाते का ते कळतं.

आता सेन्सरवर किती भरवसा ठेवायचा. पहिली दोन वर्षं मी फक्त स्क्रीन बघायचो. मग एका गॅरेजमध्ये सर्व्हिस करून घेतली, स्क्रीनवर पट्टी फुल दाखवत होती आणि मी खूश, पण फुलच्या वर किती गेलंय ते त्या पट्टीवरून कळत नव्हतं. टर्बोच्या पाइपाला ऑइल दिसायला लागलं म्हणून ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली, त्याने काढून मोजलं तर जवळजवळ पाऊण लिटर जास्त. जास्त ऑइल हे कमी ऑइलइतकंच वाईट, क्रँक, म्हणजे इंजिनात खाली फिरणारा मुख्य दांडा, ते घुसळतो, फेस येतो, सीलवर दाब येतो. तेव्हापासून मी नळीत घालायची वेगळी स्टिक घेतली.

ही स्टिक बाहेर मिळते, वर्कशॉपवाले वापरतात तशी, पण तुमच्या इंजिनाच्या कोडसाठीच घ्या, कारण प्रत्येक इंजिनाची लांबी आणि खुणा वेगळ्या. घेतली तरी खुणांवर डोळे झाकून विश्वास नको, स्वतः एकदा पडताळून घ्या. पुढच्या सर्व्हिसला जुनं ऑइल गरम असताना पूर्ण निथळू द्यायचं, फिल्टर बदलायचा, मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच ऑइल मापाच्या जगने मोजून घालायचं, डब्यावरच्या अंदाजाने नाही. मग गाडी फिरवून गरम करा, सपाट जागेवर बंद करा, दहा मिनिटांनी स्टिक पुसून पूर्ण आत घाला, काढा, जिथपर्यंत ओलं आहे तिथे बारीक कानसने खूण करा. ती तुमची खरी मॅक्स. नवं ऑइल पारदर्शक असतं, उन्हात रेघ दिसत नाही, मी स्टिक वर्तमानपत्रावर आडवी टेकवतो, डाग जिथे संपतो तिथे लेव्हल. नळीत वायर, प्लॅस्टिकची पट्टी असलं काही घालू नका, तुकडा आत पडला तर चेंबर उतरवावं लागतं. आणि ज्या इंजिनांत नळीच नाही तिथे काही इलाज नाही, सेन्सर बिघडला तर ऑइल काढून मोजणे हाच मार्ग.

टॉपअप करताना पाव लिटरच्या वर एकदम घालू नका. बऱ्याच गाड्यांत मिनिमम ते मॅक्सिममचं अंतर साधारण एकच लिटर असतं. घातल्यावर स्क्रीन लगेच बदलत नाही, गाडी थोडी चालवून पुन्हा बघायचं, आकडा हलला नाही म्हणून अजून ओतणारे लोक मी बघितलेत.

लेव्हल आपोआप वाढत असेल तर जास्त काळजी घ्या. २०२० नंतरच्या बीएस६ डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ होताना जादा डिझेल मारलं जातं, गाडी रोज चार-पाच किलोमीटरच फिरत असेल तर ते काम अर्धवट राहतं आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतं. स्टिकचा वास घेतला तर डिझेलचा येतो. असं असेल तर टॉपअप नको, ऑइलच बदला. पावसाळ्यात पाणी भरलेल्या रस्त्यातून गेला असाल तर स्टिकवर दुधाळ चहासारखा रंग आहे का बघा, असला तर गाडी स्टार्ट न करता टो करून न्या.

पिवळा दिवा लेव्हलचा, त्यात जवळच्या पंपापर्यंत जाता येतं. लाल ऑइलचा दिवा प्रेशरचा, तो लागला तर झुआरी पुलावर असाल तरी कडेला घेऊन त्याच क्षणी इंजिन बंद.

स्टिक काढली की नळीचं बूच परत घट्ट बसवायला विसरू नका, सैल राहिलं तर तिथून ऑइलची वाफ बाहेर येते.